गुळाचं धरण

मी आयुष्यात एकच डोंगर चढलो, आणि तोही सरकारी परवानगीनं. परवानगी सात माणसांची होती. चढायची हौस एकाच माणसाला होती, आणि ते माणूस मी नव्हतो.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, फसली तेराशे शेहेचाळीस सालची. इंग्रजी साल हवं असेल त्यानं आपलं आपण काढून घ्यावं, आम्हाला कचेरीत दुसरं साल ठाऊकच नव्हतं. महिना बहमन, म्हणजे घरात मार्गशीर्ष. मी भोकरदनच्या तहसील कचेरीत नक्कलनवीस होतो. समोर आलेल्या कागदाची हुबेहूब प्रत करायची, हे माझं काम. मूळ कागदात चूक असली तर तीही तशीच उतरवायची, पदरचा एक शब्द घालायचा नाही. अक्षर मात्र माझं असं होतं, की पेशकार गयासोद्दीनसाहेब, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाची तारीफ केली नाही, ते माझा कागद वाचण्याआधी चष्मा पुसून घ्यायचे. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे माझ्या अब्रूचे जे धिंडवडे निघणार आहेत, ते ऐकताना माझं अक्षर तेवढं ध्यानात असू द्या.

तर एक दिवस नकलेसाठी एक हुकूम आला. धावड्याच्या वर डोंगरात जे फुटकं धरण आहे, त्याचे राहिलेले दगड उपसून सडकेच्या कामी लावावेत, उन्हाळा लागताच काम सुरू करावं. मी त्याच्या चार सुरेख प्रती केल्या आणि संध्याकाळी जेवताना घरात सहज बोलून गेलो. कचेरीतलं घरी बोलू नये असा नियम असतो. तो का असतो, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

माझी बायको सगुणा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"कोनतं धरण म्हन्ले?"

"तुमच्या गावचंच की. गुळाचं."

बोललो आणि जीभ चावली. हे नाव आमच्या घरात घ्यायचं नसतं.

ते का, हे थोडक्यात सांगतो. माझे सासरे भुजंग मिस्त्री धावड्याचे. चुन्याच्या कामात त्यांचा हात धरणारा त्या तालुक्यात कुणी नव्हता. त्या काळी धरणाच्या चुन्यात नुसती वाळू घालून भागत नसे. बैल जुंपलेल्या घाण्यात चुना मळताना त्यात हिरड्याचं पाणी, बेलाचा गर आणि गूळ पडायचा, तेव्हा कुठं तो दगडाला धरायचा. त्या डोंगरातल्या धरणासाठी सरकारनं दोन गाड्या भरून गूळ पाठवला होता. सगुणा जन्मली तीही त्याच साली. पुढच्या पावसाळ्यात धरण फुटलं. मिस्त्री तेव्हा तापानं अंथरुणावर होते. पंधरा दिवसांनी उठून बाहेर आले, तर गावात गोष्ट तयार होती: गूळ चुन्यात गेलाच नाही, मिस्त्रीनं घरी नेला आणि पोरीच्या बारशाला अख्ख्या गावाला पुरणपोळ्या घातल्या. ज्या गावानं त्या पोळ्या मिटक्या मारत खाल्ल्या, तेच गाव हे बोलत होतं.

त्या दिवसापासून मिस्त्रींनी दोन गोष्टी सोडल्या. एक, त्या डोंगराची वाट. दुसरी, गूळ. गोड म्हणून काही तोंडात घातलं नाही. माझ्या लग्नात सगळी पंगत लाडवांवर तुटून पडली असताना सासरेबुवांनी माझ्याकडे बघत बघत आपल्या ताटातला लाडू बाजूला सारला, आणि मी समजलो की यांना जावई पसंत नाही. हा सल मी दोन वर्षं उराशी धरून होतो. खरं कारण कळलं तेव्हा सल गेला, पण तोवर धावड्यात मला 'गूळखाऊचा जावई' हे नाव पडलं होतं. माझ्यासारख्या सुंदर अक्षराच्या माणसाला!

"आबांची भिंत उपटून नेनार?" सगुणा म्हणाली.

"भिंत कुठली आता? धरण फुटलं ना ते."

"तुमी पाह्यलं?"

"मी कशाला पाहू?"

"मंग पाह्यलं कोनी? सतरा वर्षं झाले, ज्यो त्यो सांगून राह्यला. एकजन तरी वर जाऊन आल्ता का? आबा सोता गेले न्हाईत. उन्हाळ्यात दगड गेले म्हंजे संपलंच. आबा मरेपत्तूर गूळखाऊ, अन् मी धरनातल्या गुळाची पोरगी."

ती रडली असती तर मी समजूत काढली असती, त्यात माझा हातखंडा आहे. ती रडली नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "रुखसत काढा. आपुन जाऊन पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी आडावर गेली आणि आडावरून गल्लीत. शेजारची सरदारबी भिंतीवरून डोकावली. तिचा नवरा बांगड्या विकायचा, आणि तिच्याकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर इलाज होता.

"भाई, बिलकुल सोपं हाय. भिंतीचा चुना चाटून पाहो. मीठा लागला तर गूळ अंदर हाय."

"सतरा पावसाळे गेलेत त्याच्यावर, सरदारबी."

"मंग मुंग्या पाहो. मुंगी झूट नै बोलती."

समोरचे काकासाहेब निवृत्त शिक्षक होते. त्यांनी गिर्यारोहणावर अर्धा तास व्याख्यान दिलं. ते स्वतः कधी गढीच्या वर चढले नव्हते, पण पुस्तकात हिमालय त्यांनी अनेकदा पाहिला होता. डोंगर चढताना तोंड मिटून श्वास घ्यावा, पाणी पिऊ नये, नुसतं गुळणी करून टाकावं, आणि पायात बूट हवेतच हवेत. शेवटी ते म्हणाले, "तुम्हा दोघांना एकट्यानं पाठवणं मला बरोबर वाटत नाही. मी येतो." मग त्यांची बायको म्हणाली, मीपण येते. सरदारबी म्हणाली, मैं बी. तिचा नवरा म्हणाला, ती जाते तर मी मागं राहून काय करू? काकासाहेबांचे साडू पाहुणे आले होते, ते काहीच म्हणाले नाहीत, पण त्यांना धरून झाले सात.

मी रुखसतीची, म्हणजे रजेची, दरख्वास्त घेऊन गयासोद्दीनसाहेबांसमोर उभा राहिलो.

"डोंगरावर देव हाय?"

"जी नाही."

"दर्गा?"

"जी नाही. फुटकं धरण आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "म्हंजे जिथं पाणी न्हाई, तिथं पाणी बघायला?"

साहेबांनी दरख्वास्त उलटून पाहिली, माणसं मोजली, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या काळी सरकारचा गश्ती हुकूम होता, परवानगीशिवाय जमाव जमवायचा नाही, सभा भरवायची नाही. "सात आदमी, डोंगर, अन् सरकारनं बांधलेलं फुटकं धरण," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "मियाँ, ही रुखसत माझ्या हातची न्हाई. तुम्ही ठाण्यात जावा."

ठाण्याच्या अमीनसाहेबांनी मला बसा म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, तिथं तकरीर होणार का? म्हटलं, भाषण कोण करणार? झेंडा? म्हटलं, झेंडा कशाचा? गाणी? मी विचार करून सांगितलं की काकासाहेब कधी कधी गुणगुणतात. ते त्यांनी लिहून घेतलं. मग लेखणी खाली ठेवून म्हणाले, "सरकारी धरण फुटलं, ते सात माणसं नेऊन दाखवणार. लोक काय म्हणतील? सरकारचं काम कच्चं होतं म्हणतील."

मी शपथेवर सांगितलं की सरकारवर कुणाचाच वहीम नाही, सगळा वहीम माझ्या सासऱ्यांवर आहे. हे ऐकून त्यांना हायसं वाटलं. परवानगी मिळाली. सोबत अटी मिळाल्या: तकरीर मना, गाणं मना, बरोबर ठाण्याचा एक जवान राहील, आणि डोंगरावर जे जे होईल त्याचा पंचनामा होऊन तो गावच्या चावडीत मोठ्यानं वाचला जाईल.

पोलीस येणार ही बातमी आमच्या गल्लीत माझ्याआधी पोचली. काकासाहेबांचा गुडघा धरला. त्यांच्या बायकोला त्या गुडघ्याला शेक द्यायचा होता. सरदारबीच्या नवऱ्याला एकाएकी बांगड्यांचा मोसम आठवला, आणि सरदारबीला आपला नवरा. साडू तर सकाळच्या गाडीनं गेलेसुद्धा. काकासाहेबांनी मन मोठं करून मला आपले बूट आणि इंग्रजी पद्धतीची सोला टोपी दिली. बूट दोन बोटं मोठे होते. पुढच्या पोकळीत मी कचेरीतले वाया गेलेले कागद कोंबले. माझंच अक्षर माझ्या पायाखाली गेलं, तिथंच मी काय ते समजायला हवं होतं.

जवानाचं नाव महेमूद. उंच, सावकाश बोलणारा, आणि कायद्याला देवासारखा मानणारा. सकाळी तो बैलगाडीपाशी आला, परवानगीचा कागद उघडला आणि आम्हाला मोजलं. दोनच भरले.

"बाकीचे पाच?"

"येत नाहीत."

"कागदावर सात हैत."

"अरे, सातापेक्षा जास्त नकोत असा त्याचा अर्थ. कमी चालतील."

"तसं लिवलेलं न्हाई. सात लिवलंय. मी दोन घेऊन गेलो अन् कोनी इचारलं, पाच कुठं पळाले, तर काय सांगू?"

"तुम्ही धरून तीन झाले की."

"मी सरकार हाय. मला धरू नका."

पाहा, म्हणजे जमाव होऊ नये म्हणून जो जवान दिला होता, तोच आता जमाव पुरा करा म्हणून अडून बसला. सगुणा गाडीतून म्हणाली, "चला हो, धावड्यात माणसं लई मिळतील." आणि आमची गाडी निघाली.

धावड्यात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. चावडीच्या ओट्यावर कडूबा बसलेला. हा कडूबा म्हणजे त्या गुळाच्या गोष्टीचा धनी. सतरा वर्षं रोज तिन्हीसांजेला तो ती गोष्ट सांगत होता आणि तीन ठरलेली माणसं ती ऐकत होती. त्यांना ती पाठ होती, कडूबा चुकला तर ते दुरुस्त करायचे. त्यानं पाहिलं, की गाडीतून सोला टोपी घातलेला जावई उतरला आणि मागोमाग पोलीस उतरला.

"अरं अरं अरं," कडूबा ओरडला, "सासऱ्यानं गूळ खाल्ला, जावयानं काय खाल्लं?"

ओटा हसला. मी टोपी काढली, परत घातली, परत काढली. अशा वेळी टोपीचं नक्की काय करावं, हे काकासाहेबांनी सांगितलं नव्हतं. सगुणा मात्र सरळ ओट्यापुढं जाऊन उभी राहिली.

"कडूबाकाका, उद्या धरनावर चाल्लो. तुमी बी या. सतरा वर्षं सांगून राह्यले, एकदा डोळ्यानं तरी पाहा."

"मी कशाला येऊ? मला समदं ठावं हाय."

"ठावं हाय त्यो पाह्यजेच," महेमूद म्हणाला आणि कागद उघडला. "नाव सांगा. अन् हे तिघं बी. मिस्त्री धरून सात झाले. बराबर."

पोलिसानं नाव लिहून घेतल्यावर नाही म्हणायची छाती त्या ओट्यावर कुणाचीच नव्हती.

घरी भुजंग मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. ते तसे कमी बोलायचे. बिनगुळाचा, बिनसाखरेचा चहा त्यांनी मला दिला, आणि लग्नापासून दर भेटीला प्यायचो तसा मी तो औषध समजून प्यायलो.

"नको पोरी," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

"आबा, उन्हाळ्यात दगड नेनार हैत."

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. चुन्यानं त्या हाताची कातडी कायमची फुटलेली होती. मग म्हणाले, "जल्दी निघावं लागंल. ऊन चढल्यावर त्यो घाट चढवत न्हाई."

चढाईचं वर्णन मी करणार नाही, कारण बहुतेक वेळ मी जमिनीकडेच बघत होतो. सासरे साठीचे, हातात काठी, आणि ते सगळ्यांच्या पुढं. सगुणा त्यांच्या मागं. मी काकासाहेबांच्या सल्ल्याप्रमाणे तोंड मिटून श्वास घेत होतो. पाव कोसावर डोळ्यांपुढं काजवे चमकले, तेव्हा तोंड उघडलं आणि पुन्हा म्हणून मिटलं नाही. दर वळणावर महेमूद सर्वांना थांबवून मोजायचा. एकदा सहाच भरले. अर्धी घटका डोंगर थांबला. शेवटी कडूबाच्या तिघांपैकी एकजण करवंदीच्या जाळीमागून धोतर सावरत आला, तेव्हा सात झाले आणि आम्ही हललो. पुढं एका ओघळीत माझा उजवा बूट पायातून निसटला आणि गडगडत खाली गेला, आतले सरकारी कागद वाटेभर उधळत. मला तो आणायला जायचं होतं, पण मी गेलो असतो तर सहा उरले असते, म्हणून महेमूदनं जाऊ दिलं नाही. टोपी बाभळीनं घेतली. अशा रीतीनं एका पायात बूट, एका पायात मोजा, उघडं डोकं, अशा थाटात भोकरदन तहसिलीचे नक्कलनवीस डोंगर चढते झाले. कडूबा मागून दर दहा पावलांनी हसत होता.

शेवटच्या वळणाआधी एक मोठा धोंडा आहे. तिथं मिस्त्री थांबले आणि बसले. मला वाटलं दमले. मलाही बसायचंच होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमी व्हा फुडं. बघून या."

"अहो मामा, आलोच की आता. चला सगळेच."

त्यांनी मान हलवली. सगुणा जवळ आली तर तिलाही हातानं थांबवलं. मग माझ्याकडे बघून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलले.

"गूळ मी घातला. समदा घातला. ते मला ठावं हाय. पन चुना धरला का न्हाई, ते ठावं न्हाई. माझ्या हातानंच काई चुकलं असंल तर? म्हून आलो न्हाई सतरा वर्षं. तुमी बघा. भिंत पडली असंल तर वरडू नका. गपचूप या माघारी, मी समजून घेईन."

इतकी वर्षं मी समजत होतो की हा माणूस लोकांवर रुसलाय. तो स्वतःच्या हाताला भीत होता. मी जन्मभर दुसऱ्यानं पाहिलेलं, दुसऱ्यानं लिहिलेलं उतरवत आलो. कुणीही मला कधी, तू बघ आणि सांग, असं म्हटलं नव्हतं. मी दुसरा बूटही काढला, धोंड्यापाशी ठेवला, आणि वळणाच्या पुढं गेलो.

भिंत उभी होती.

चांगली दोन पुरुष उंच, चाळीसेक हात लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधल्या सांध्यात एक उंबराचं रोप वाढलं होतं, खाली शेवाळ धरलं होतं, पण एक दगड म्हणून हललेला नव्हता. फुटलं होतं ते बाजूला. भिंत जिथं संपते तिथून पुढं मातीची पाळ होती, ती सगळी वाहून गेली होती आणि तिथं मोठी घळ पडली होती. पाणी भिंतीला बगल देऊन गेलं होतं.

मला ओरडायचं होतं, पण काय ओरडावं ते सुचेना. शब्द सुचायची सवयच नव्हती. शेवटी कचेरीत पुकारा झाल्यावर साक्षीदार जे म्हणतो, तेच माझ्या तोंडून निघालं.

"हाजिर है! मामा, भिंत हाजिर हाय!"

मिस्त्री आले. सगुणा त्यांचा दंड धरून होती. ते भिंतीपाशी गेले, तिच्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग एक दगड उचलून चुन्याच्या सांध्यावर ठोकला. खणखणीत आवाज आला. दुसरीकडं ठोकला, तिसरीकडं ठोकला. असं ठोकत ठोकत ते त्या टोकापर्यंत गेले. परत आले तेव्हा डोळे पुसत होते, पण आवाज मिस्त्रीचा होता.

"सांडवा आठ हात पाह्यजे म्हून मी सांगत व्हतो," ते घळीकडं बोट करून म्हणाले. "वरच्या सायबानं चार हात ठिवला. पानी जाईल कुठून? मातीवरून गेलं."

महेमूद पेन्सिल काढून बसला होता. "हे लिवू का?"

"नको," मी आणि मिस्त्री एकदमच म्हणालो.

सगुणाला मात्र राहवेना. ती वळली आणि त्या चौघांवर बरसली. "पाहा! पाहून घ्या डोळे फाडून! माझ्या आबांनी सतरा वर्षं गोड खाल्लं न्हाई, तुमी रोज सांजेला चवीनं..."

"बाई, तकरीर मना हाय," महेमूद म्हणाला. पण त्यानं तिला अडवलं मात्र तिचं सगळं बोलून झाल्यावर, हे मी पाहिलं.

कडूबा भिंतीकडं बघत डोकं खाजवत होता. सतरा वर्षांचा धंदा असा एका सकाळी बुडतो म्हटल्यावर कुणालाही वाईट वाटेल. "भिंत हाय उभी, न्हाई म्हनत न्हाई," तो म्हणाला, "पन गुळाचं काय? बिनगुळाची बी ऱ्हायली असंल उभी."

"पंचनाम्यात गुळाचा मुद्दा लिवावाच लागंल," महेमूद म्हणाला. "गूळ अंदर हाय का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. का, ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा सगुणानं सरदारबीचा सल्ला वाटेत सांगितला असावा. मी पुढं झालो आणि भिंत चाटली. शेवाळ, माती, आणि पाखरांनी जे काही केलं होतं ते. गोड म्हणाल तर नाही. महेमूदनं गंभीरपणे लिहिलं: 'दरख्वास्त देणाऱ्यानं भिंत चाटली. चव सांगता आली नाही.' आणि कडूबाकडं वळला. "तुमी सांगा. तुमास्नी समदं ठावं हाय म्हन्ले."

झालं, कडूबाला हवंच होतं. त्यानं मांडी घातली, घसा साफ केला, आणि ती पाठ केलेली गोष्ट सुरू केली. बारसं, पोळ्या, तुपाची धार. "अन् मी सोता चार पोळ्या खाल्ल्या, पंचांसमक्ष!"

"सोता चार," महेमूदची पेन्सिल चालली होती. "सरकारी गुळाच्या?"

"सरकारी म्हंजे काय, अस्सल सरकारी!"

"म्हंजे सरकारचा गूळ तुमी खाल्ला."

कडूबाचं तोंड उघडंच राहिलं.

"तुमी कबूल करून राह्यले, मी लिवून राह्यलो. मिस्त्रीनं खाल्ला का न्हाई त्याला साक्षी न्हाई. तुमी खाल्ला, हे तुमीच सांगता. अन् हे तिघं? कितीकिती खाल्ल्या?"

ते तिघं एका दमात म्हणाले की आम्ही त्या दिवशी गावात नव्हतो. कडूबा उठून उभा राहिला. कपाळावर घाम. "साहेब, थांबा. खोडा ते. सरकारी गूळ नव्हताच त्यो! भोकरदनच्या बाजारातून मी सोता आणल्ता. मिस्त्री कामावर व्हता, त्याला सवड नव्हती, म्हून माझ्याच गाडीत दोन भेल्या घालून आणल्त्या. पोळ्या त्याच गुळाच्या!"

सगुणा त्याच्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, हे तुमास्नी ठावं व्हतं?"

"व्हतं," कडूबा खाली बघत म्हणाला. "पन पोरी, तसं सांगितलं असतं तर गोष्ट काय ऱ्हायली असती?"

महेमूदनं ते सगळं, शब्द न् शब्द, लिहिलं आणि कडूबाचा अंगठा घेतला.

दुपारी चावडीत सगळं गाव जमलं. या जमावाला परवानगी होती, कागदातच लिहिलेली. महेमूदनं पंचनामा मोठ्यानं वाचला. भिंत उभी आहे हे वाचलं, गूळ बाजारातला होता हे वाचलं, आणि मी भिंत चाटली हेही वाचलं. माझ्या वाक्याला गाव सगळ्यात जास्त हसलं. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. मिस्त्री खांबाला टेकून बसले होते आणि लोक एकेक करून त्यांच्या जवळ येऊन बसत होते. कुणी माफी मागितली नाही. गावात तशी रीत नसते. कुणी तंबाखू पुढं केली, कुणी विचारलं आमच्या आडाचा कठडा कधी बांधून देता.

सगुणा घरात गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली. तिनं तो आबांपुढं धरला. मिस्त्रींनी खडा घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि तोंडात टाकला. सतरा वर्षांनी. डोळे मिटून ते हळूहळू चघळत राहिले. सगुणा आता रडत होती आणि मलाही समोरचं नीट दिसत नव्हतं.

मिस्त्रींनी डोळे उघडले, जिभेवर चव घोळवली आणि म्हणाले, "चांगला हाय. पन धरनातला गूळ याच्यापेक्षा चांगला व्हता."

कडूबाचे डोळे चकाकले. महेमूदनं कानावरची पेन्सिल हळूच काढली.

मिस्त्रींनी सगळ्यांकडं पाहिलं. "काऊन बघून राह्यले असं? मिस्त्रीला खडाभर चाखावाच लागतो. चाखल्याबिगर चुना कालवतेत व्हय?"

आणि ते हसले. माझ्या सासऱ्यांना मी हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग सगुणा हसली, मग कडूबा, मग सगळं गाव. महेमूदनं पेन्सिल परत कानावर ठेवली. "मला काईबी ऐकू आलं न्हाई," तो म्हणाला आणि पंचनाम्याखाली सही ठोकली.

त्या उन्हाळ्यात सडकेची माणसं डोंगरावर गेली. त्यांच्या तीन पहारी वाकल्या, दगड निघाला नाही, आणि त्यांनी दुसरी खाण धरली. भिंत अजून आहे म्हणतात. पुढं ते राज्य गेलं, फसली साल गेलं, अमीनसाहेबांचं ठाणं गेलं. महेमूद पेन्शन घेऊन जालन्याला राहायला गेला. मिस्त्रींनी मरेपर्यंत चहात दोन माणसांचा गूळ घातला. सगुणाला जाऊनही आता सहा वर्षं झाली.

पंचनाम्याची नक्कल माझ्याकडं आहे. महेमूदचं अक्षर वाईट, म्हणून ती करायचं काम गयासोद्दीनसाहेबांनी माझ्याकडेच दिलं. माझ्या हातची सगळ्यात सुंदर नक्कल ती. भिंत चाटल्याचं वाक्यसुद्धा मी तितक्याच सुबक अक्षरात उतरवलंय, कारण मूळ कागदात जे असेल तेच लिहायचं, हा आमचा नियम. मिस्त्रींचं ते धरणातला गूळ चाखल्याचं वाक्य मात्र मूळ कागदात नव्हतं, त्यामुळे नकलेतही नाही. आता ते ऐकलेला बहुधा मी एकटाच उरलो आहे, म्हणून पदरचं इथं लिहून ठेवलं.